हात मोकळे झाले, मन कोठे आहे?



सन २०२३ मध्ये पांढुर्णा व सौंसर या दोन तहसिलींचा मिळून पांढुर्णा जिल्हा झाला. संत्र्यांच्या हंगामात या दोन्ही भागांतून माल नागपूरच्या कळमना बाजाराकडे निघतो आणि सावनेरला दोन्हीकडचे रस्ते एकत्र येतात. बागाईतदार स्वतः गाडी हाकीत असतो आणि नेमका त्याच वेळी अडत्या भाव कळविण्यासाठी मोबाइल करतो. मग एक हात चाकावर, दुसरा कानाशी! समोर बैलगाडी किंवा शाळेतून परतणारे लेकरू आले, तर काय होईल हे सांगावयास नको.

म्हणून मोबाइल ठेवण्याची ब्लूटूथची बैठक, म्हणजे हात न लावता बोलता येईल असा स्टँड, अनेक जण घेऊ लागले आहेत. ब्लूटूथ हे दहाव्या शतकातील डेन्मार्कचा राजा हॅराल्ड याचे टोपणनाव. या राजाने बाप्तिस्मा घेतला व आपल्या प्रजेत ख्रिस्ती श्रद्धा रुजविली. यंत्रांना बिनतारी जोडणाऱ्या युक्तीस पुढे त्याचेच नाव मिळाले.

बैठक घेताना प्रथम तिची पकड पाहावी. काचेला चिकटणारी रबरी वाटी वैशाखाच्या उन्हात सुटू शकते आणि सिल्लेवानी घाटाच्या वळणावर मोबाइल पायाशी आला तर अनर्थच! बैठक रस्ता झाकणारी नसावी, तसेच एअरबॅगच्या झाकणावर बसवू नये. दुसरे, मायक्रोफोन. गाडी सुरू ठेवून दुकानासमोरच एक फोन लावावा आणि शब्द स्पष्ट येतात का, हे पलीकडच्या माणसास विचारावे. तिसरे, बटण. न पाहता बोटाला सापडेल असे एकच मोठे बटण उत्तम. चौथे, वीज. मोटारीत ती १२ व्होल्टची असते, तर मोठ्या ट्रकमध्ये बहुधा २४ व्होल्टची. यंत्र त्यास जुळते ना, हे विचारून घ्यावे. मोबाइलची जोडणी मात्र घरी, गाडी उभी असतानाच करावी.

मोबाइल हातात धरून गाडी चालविणे २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याने धोकादायक वाहनचालन ठरते. परंतु कायदा हात पाहतो. मन कोण पाहणार? १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या, टोरांटोतील ६९९ वाहनचालकांच्या पाहणीत मोबाइलवर बोलताना टक्कर होण्याचा धोका सुमारे चौपट आढळला आणि हात मोकळे ठेवणाऱ्या यंत्रांनी तो कमी झाल्याचे दिसले नाही. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी तीन सेकंदांत ५० मीटर जाते. भावाच्या घासाघिशीत तीन सेकंद गेलेले कळतही नाहीत.

२००७ साली व्हॅटिकनने वाहनचालकांसाठी दहा आज्ञा प्रसिद्ध केल्या. त्यांतील पहिली आज्ञा म्हणजे आपली पाचवीच होय : खून करू नको. रस्त्यावरील अनोळखी पादचारीही आपला शेजारीच आहे.

तेव्हा बैठक अवश्य घ्या, पण तिच्यावरून एवढेच बोला : “गाडीत आहे, पोहोचल्यावर बोलतो.” बोलणे अगदी निकडीचे असेल, तर सुरक्षित जागा पाहून गाडी बाजूला उभी करा. आणि घरच्या मंडळींनो, आपला माणूस गाडी चालवीत आहे हे ठाऊक असताना त्यास फोन करू नका. त्याच्यासाठी प्रार्थना करा आणि वाट पाहा.