पुस्तकाच्या प्रवासालाही अनुदान हवे

सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा होऊन अर्धशतक उलटले. सरकारी पैशातून गावोगावी कपाटे उभी राहिली. आता एका गावचे पुस्तक दुसऱ्या गावच्या वाचकापर्यंत नेण्याची सोयही त्याच पैशातून व्हायला हवी.

घोटीहून बारीमार्गे अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोल्याकडे जाताना राजूर लागते. एका अंगाला कळसूबाई आणि भंडारदरा, दुसऱ्या अंगाला हरिश्चंद्रगडाच्या रांगा. या डोंगरांतल्या महादेव कोळी आणि ठाकर वस्त्यांसाठी बाजार, कॉलेज, सरकारी काम हे सगळे राजूरलाच असते. एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालयही इथेच आहे.

समजा, या भागातल्या एका मुलीला राघोजी भांगरे यांच्यावर निबंध लिहायचा आहे. राघोजी याच अकोले तालुक्यातल्या देवगावचे. इंग्रजांनी २ मे १८४८ रोजी त्यांना ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिली. तिला १८८४ साली निघालेले अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्याचे गॅझेटियर चाळायचे आहे, कोळ्यांच्या उठावांवरची दोन-तीन मराठी पुस्तकेही हवी आहेत. गॅझेटियर इंटरनेटवर सापडेल. बाकीची पुस्तके मात्र छापील प्रतींतच, आणि त्यातली काही बाजारातून कधीच संपलेली. ती मिळण्याचा संभव मोठ्या, जुन्या ग्रंथालयात. आपल्या जिल्ह्याचे वाचनालय १८३८ सालचे, राज्यातल्या सर्वांत जुन्या वाचनालयांपैकी एक. पण अहिल्यानगर शहर राजूरपासून सव्वाशे किलोमीटरहून जास्त लांब आहे. नाशिक त्यापेक्षा जवळ, तरी एका पुस्तकासाठी पूर्ण दिवस आणि एसटीचे जाण्या-येण्याचे भाडे मोजावे लागते. हा खर्च त्या मुलीने का सोसायचा?

कायद्याने काय दिले

महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम १९६७ साली झाला आणि १ मे १९६८ पासून अमलात आला. त्यातून ग्रंथालय संचालनालय उभे राहिले, पुढे जिल्ह्याजिल्ह्यांत ग्रंथालय अधिकारी आले. मद्रासने १९४८ साली डॉ. रंगनाथन यांच्या प्रेरणेने स्वतंत्र भारतातला पहिला ग्रंथालय कायदा केला, तेव्हा मालमत्ता करावर ग्रंथालय उपकर बसवला. कर्नाटकात आणि केरळमध्येही उपकराचीच वाट धरली गेली. गोव्याने १९९३च्या कायद्यात मद्यावरच्या अधिभारातून ग्रंथालयांसाठी पैसा उभा केला. महाराष्ट्राने उपकर टाळला. ग्रंथालय निधीत सरकारने दरवर्षी किमान २५ लाख रुपये घालावेत, अशी तरतूद कायद्यात झाली आणि पुढची सारी भिस्त अर्थसंकल्पावर राहिली.

आपल्याकडची बहुतेक ग्रंथालये सरकारी नाहीत. गावातली माणसे संस्था नोंदवतात, वर्गणीदार जमवतात, जागा मिळवतात. सरकार मान्यता आणि अनुदान देते. मान्यतेचे वर्ग अ, ब, क आणि ड असे चार. शिवाय जिल्हा, तालुका आणि इतर अशी विभागणी. आज अशी ग्रंथालये अकरा-बारा हजारांच्या घरात आहेत. लोकांच्या पुढाकाराने उभे राहिलेले एवढे मोठे जाळे देशात फार थोड्या राज्यांकडे आहे, आणि त्याचा अभिमान बाळगायलाच हवा.

मात्र हे अनुदान एकेका ग्रंथालयाला सुटे मिळते. वर्ग ठरतो तो पुस्तके किती, सभासद किती, जागा केवढी आणि उघडे राहण्याचे तास किती, यांवर. शेजारच्या गावाला पुस्तक दिले म्हणून अनुदान वाढत नाही आणि दिले नाही म्हणून कमीही होत नाही. त्यामुळे प्रत्येक संस्था आपापले कपाट भरते. एकच गाजलेली कादंबरी दहा गावांत सापडते आणि अकराव्या विषयाचे पुस्तक एकाही गावात सापडत नाही.

साठा आहे, कालवा नाही

वाटप म्हणजे काय, हे आपल्या जिल्ह्याला कुणी शिकवायला नको. भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पूर्ण झाले आणि राजूरच्या उशाशी अडलेले पाणी प्रवरेच्या कालव्यांनी संगमनेर, राहुरी, श्रीरामपूरच्या शेतांपर्यंत गेले. साठा एकीकडे आणि गरज दुसरीकडे असेल, तर मध्ये कालवा लागतो, पाळीचे नियम लागतात आणि दरवर्षी देखभालीचा खर्च लागतो. ग्रंथालयांच्या बाबतीत आपण साठ्यावर खर्च केला, कालव्यावर केला नाही.

ही कल्पना मराठी राज्यकर्त्यांना नवी नव्हती. सयाजीराव गायकवाडांनी १९१० साली विल्यम बॉर्डन या अमेरिकी ग्रंथपालाला बडोद्यात बोलावले. मध्यवर्ती ग्रंथालय, त्याखाली प्रांतांची आणि गावांची ग्रंथालये अशी उतरंड आखली गेली. गावाने वर्गणी जमवली की तेवढीच रक्कम प्रांत पंचायतीने आणि तेवढीच सरकारने घालायची, असा रिवाज ठरला. लवकरच फिरती ग्रंथालयेही सुरू झाली. पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या लहान गावांत जात, वाचून झाल्या की परत येत आणि पुढच्या गावी निघत. त्यांच्या वाहतुकीचा खर्च संस्थान सोसत असे.

मुंबई प्रांतात असफ फैझी यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने १९४० साली अहवाल दिला. मध्यवर्ती ग्रंथालयापासून प्रादेशिक, जिल्हा, तालुका आणि गाव अशी टप्प्याटप्प्याने बांधायची साखळी त्यात मांडली होती. म्हणजे नकाशा आपल्याकडे आहे. ठिकाणेही उभी आहेत: मुंबईत राज्य मध्यवर्ती ग्रंथालय, पुण्यात विश्रामबागवाड्यातले शासकीय विभागीय ग्रंथालय, जिल्ह्यात जिल्हा ग्रंथालय, तालुक्यात तालुका ग्रंथालय. १९५४च्या कायद्याने देशात छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची प्रत मिळण्याचा हक्क ज्या मोजक्या ग्रंथालयांना आहे, त्यांत मुंबईचे मध्यवर्ती ग्रंथालय आहे. या ठिकाणांमधली पुस्तकांची नियमित ये-जा तेवढी बसवायची राहिली.

अमेरिकेत १९५६ साली खेड्यांतल्या ग्रंथालयांसाठी केंद्रीय कायदा झाला. आज त्याच वाटेने येणारा पैसा राज्यांच्या ग्रंथालय संस्थांकडे जातो, आणि एका गावच्या वाचकाला दुसऱ्या गावचे पुस्तक आणून देण्याच्या सेवेवर त्यातला काही भाग खर्च होतो. भारतातही डेलनेट आणि इन्फ्लिबनेट ही ग्रंथालयांची जाळी आहेत; त्यांचा मुख्य लाभ विद्यापीठांना आणि महाविद्यालयांना मिळतो. गावच्या वाचनालयाचा सभासद त्या वर्तुळाच्या बाहेर राहतो.

हिशेब मांडून पाहू

दहा वर्षे गोठलेले अनुदान २०२२ साली ६० टक्क्यांनी वाढले. ‘ड’ वर्गाच्या ग्रंथालयाला वर्षाला ३० हजार मिळत होते, ते ४८ हजार झाले. म्हणजे महिन्याला ४ हजार रुपये. त्यातली निम्मी रक्कम ग्रंथपालाला दिली, तरी त्याच्या हातात २ हजार पडतात. उरलेल्या २ हजारांत वृत्तपत्रे, मासिके, वीज, जागेचे भाडे आणि नवी पुस्तके. चांगले पुस्तक आज तीन-चारशे रुपयांखाली क्वचित मिळते. अशा ग्रंथालयाने नवे विषय, नवे लेखक आणायचे कुठून?

आता दुसरा हिशेब. टपाल खात्याने १ मे २०२५ पासून पुस्तकांसाठी ‘ज्ञान पोस्ट’ ही सेवा सुरू केली. ३०० ग्रॅमच्या पाकिटाला २० रुपये आणि ५ किलोपर्यंतच्या गठ्ठ्याला १०० रुपये, कर वेगळा. मध्यम जाडीची पंधराएक पुस्तके ५ किलोंत बसतात. महिन्याला एक गठ्ठा आणायचा आणि एक परत पाठवायचा, तर वर्षाचा खर्च सुमारे २,४०० रुपये. ‘ड’ वर्गाच्या अनुदानाचा हा अवघा विसावा हिस्सा. तेवढ्यात वर्षभरात १८०च्या आसपास वेगळी पुस्तके गावात येऊन वाचली जातील. तीच विकत घ्यायची तर ग्रंथालयाचे सगळे अनुदान त्यांवरच संपेल.

हे प्रत्यक्षात चालते, याचा दाखला नाशिकमध्ये आहे. कुसुमाग्रज प्रतिष्ठानतर्फे विनायक रानडे यांनी २००९ साली ‘ग्रंथ तुमच्या दारी’ सुरू केले. शंभर पुस्तकांची पेटी एका वाचकगटाकडे द्यायची, ठराविक काळाने ती पुढच्या गटाकडे जाते आणि आधीच्या गटाला नवी पेटी मिळते. देणगीदारांच्या बळावर या पेट्या दुबईच्या मराठी घरांपर्यंत गेल्या. दुबईपर्यंत पोहोचणारी पेटी भंडारदऱ्याच्या पाणलोटातल्या पाड्यावर का पोहोचू नये? फरक एवढाच, की पाड्यावर देणगीदार सहजी मिळत नाही. जिथे देणगीदार नाही, तिथे सरकारने उभे राहायचे असते. सार्वजनिक पैशाचे काम तेच.

अडते कुठे

पुस्तक बाहेर जात नाही, याचा दोष ग्रंथपालाला देऊ नये. दाखल नोंदवहीत चढलेल्या प्रत्येक पुस्तकाची जबाबदारी त्याच्यावर असते. पुस्तक गहाळ झाले तर तपासणीत उत्तर त्यालाच द्यावे लागते. तुटपुंज्या मानधनावर काम करणारा माणूस हा धोका कशाला पत्करेल? म्हणून नियमातच तीन गोष्टी हव्यात. पहिली, आंतरग्रंथालयीन देवघेवीसाठी अनुदानात वेगळे शीर्ष. दुसरी, देवघेवीत गहाळ झालेली थोडी पुस्तके रीतसर वजा करण्याची मुभा. तिसरी, तालुक्यातल्या सर्व ग्रंथालयांची एकत्र यादी, फोनवर पाहता येईल अशी. आणि ग्रंथालयाचा वर्ग ठरवताना किती पुस्तके आहेत याबरोबर किती दिली आणि किती आणली, हेही मोजले पाहिजे.

राजूर परिसराला सरकारी नियम बदलेपर्यंत थांबण्याचे कारण नाही. अकोले तालुक्याचा हा पश्चिम भाग अनुसूचित क्षेत्रात येतो. २०१५ पासून आदिवासी उपयोजनेचा ५ टक्के अबंध निधी पेसा कायद्याखालच्या गावांच्या ग्रामपंचायतींना थेट मिळतो आणि शिक्षण हा त्याच्या खर्चाच्या विषयांपैकी एक आहे. वाचनालय चालवणे ग्रामपंचायतीच्या कामांत कायद्यानेच मोडते. चार-पाच गावांच्या ग्रामसभांनी मिळून ठराव केला, प्रत्येकीने थोडी रक्कम बाजूला ठेवली, राजूरचे महाविद्यालय आणि आसपासच्या आश्रमशाळा यांनी आपल्या पुस्तकांची यादी जोडली, तर पहिले वाटप-केंद्र इथेच उभे राहू शकते. बाजारच्या दिवशी गावोगावची माणसे राजूरला येतातच. पुस्तके त्यांच्याबरोबर जातील आणि त्यांच्याबरोबरच परत येतील.

वनहक्काचा दावा लिहिणारा शेतकरी, स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा मुलगा, डांगी जनावरांच्या आजारांवर वाचू पाहणारी बाई, राघोजींवर निबंध लिहिणारी मुलगी या सगळ्यांच्या गरजा एका लहान वाचनालयाच्या कपाटात मावणार नाहीत. राज्यभरच्या कपाटांत त्या मावतात. ती कपाटे लोकांच्या करातून भरली आहेत, म्हणून त्यांवर राजूरच्या वाचकाचा पुण्या-मुंबईच्या वाचकाइतकाच हक्क आहे. अनुदानाची पुढची वाढ होईल तेव्हा या हक्कासाठी वाहतुकीचा एक रकाना त्यात घातला पाहिजे, आणि तशी मागणी अकोल्याच्या डोंगरातल्या ग्रामसभांनी आधी केली पाहिजे.