देवस्थान इनाम

देवस्थान इनाम : देवतेची पूजाअर्चा, नंदादीप, नैवेद्य व उत्सव यांच्या खर्चासाठी राज्यसत्तेने करमुक्त अथवा अल्प आकाराने दिलेली जमीन किंवा महसूल. यादवकालीन शिलालेखांत अशा दानांचे उल्लेख आढळतात. नंतरच्या मुसलमानी व मराठी अमलांतही जुनी दाने पुष्कळदा चालू राहिली.

काही इनामांत प्रत्यक्ष जमीन देवाची होई. काहींत केवळ सरकारचा महसूल देवाकडे वळविला जाई व कसणाऱ्याचा जमिनीवरील हक्क अबाधित राही. पुढील बहुतेक तंटे हा भेद पुसट झाल्याने उद्‌भवले. मध्ययुगीन इटलीतील बिशप व मठ आपल्या जमिनीवरील रयतेचा न्यायनिवाडाही करीत. महाराष्ट्रात चिंचवडच्या देव संस्थानासारख्या मोठ्या संस्थानांकडे गावे इनाम होती. पण सामान्य ग्रामदेवतेला असे स्वामित्व नसे. तेथे पाटील व देशमुख यांचाच अधिकार चाले, तर गुरव किंवा पुजारी चाकरीच्या मोबदल्यात जमिनीचे उत्पन्न घेई.

भैरवनाथाचे प्रसिद्ध क्षेत्र सोनारी (ता. परांडा, जि. धाराशिव) ज्या मुलखात आहे, तो 1948 पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. तेथे अशा जमिनींना ‘खिदमतमाश’ म्हणत आणि इनामाच्या हक्काचा दाखला म्हणजे ‘मुंतखब’. लगतचा करमाळा तालुका मुंबई इलाख्यात असल्याने तेथील देवस्थान इनामे ‘वर्ग 3’ म्हणून नोंदली गेली. शेजारच्या गावांतील देवांचे दप्तर असे वेगवेगळ्या भाषेत बोलू लागले.

हैदराबादच्या 1954 च्या इनाम व रोख अनुदाने रद्द करणाऱ्या कायद्यातून धार्मिक व धर्मादाय संस्थांची इनामे वगळण्यात आली. देवाचे उत्पन्न त्यामुळे वाचले. तथापि इतर इनामांवरील कुळांना मिळालेला मालकीचा मार्ग येथे बंद राहिला. पिढ्यान्‌पिढ्या कसणारे कूळ कूळच राहिले आणि चाकरी करणाऱ्यांचे वारस मात्र जमीन आपसांत वाटून घेऊ लागले. वस्तुतः परवानगीवाचून अशा जमिनीची विक्री, गहाण वा वाटणी करता येत नाही.

देवता ही कायद्याच्या दृष्टीने व्यक्ती असून मालकी तिचीच असते. मध्य प्रदेशातील मंदिरांच्या जमिनींसंबंधी सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये, पुजारी हा केवळ व्यवस्था पाहणारा असून महसुली अभिलेखात जमीनमालक म्हणून देवतेचेच नाव असावे, असा निर्णय दिला. धाराशिव जिल्ह्यातील उपळा येथे तर 32 एकर जमीन माकडांच्या नावे नोंदलेली असल्याचे 2022 मध्ये प्रसिद्ध झाले.