बोटीचे दार उघडे राहिले तेव्हा...

भाऊच्या धक्क्यावरून मोटारींसह मांडव्याला जाणारी बोट मार्च २०२० मध्ये सुरू झाली आणि 'रो-रो' हा शब्द मुंबईकरांच्या परिचयाचा झाला. 'रोल ऑन, रोल ऑफ' म्हणजे वाहनांनी आपल्याच चाकांवर बोटीत चढायचे आणि चाकांवरच उतरायचे. क्रेन नको, हमाल नकोत, खोळंबा नाही. इंग्लंड आणि युरोपची मुख्य भूमी यांच्यामधील अरुंद समुद्रात अशा बोटी कित्येक दशके ये-जा करीत आहेत. या सोयीत दडलेला धोका मात्र ६ मार्च १९८७ रोजी बेल्जियममधील झेब्रुग बंदराबाहेर जगाला दिसला.

'हेरल्ड ऑफ फ्री एंटरप्राइज' ही सुमारे १३२ मीटर लांबीची बोट त्या संध्याकाळी डोव्हरकडे निघाली. तिच्यावर पाचशेहून अधिक माणसे, ८१ मोटारी आणि ४७ मालट्रक होते. वारा मंद होता, समुद्रही शांत होता. बंदराचा बांध ओलांडून बोटीने वेग घेतला आणि काही मिनिटांतच ती एका कुशीवर कलंडली. वाळूच्या दांड्यावर टेकल्यामुळे ती पूर्ण बुडाली नाही. तरीही १९३ जणांचा बळी गेला.

कारण अगदी साधे होते. बोटीच्या पुढच्या टोकाची, वाहने आत घेण्याची दारे बंदच झाली नव्हती. त्यातच झेब्रुगच्या धक्क्यावरून वरच्या डेकवर गाड्या चढवता याव्यात म्हणून पुढच्या टाक्यांत पाणी भरून बोटीचे तोंड खाली झुकवले होते. वेग वाढताच समोर उसळलेले पाणी थेट वाहनांच्या डेकवर शिरले.

एवढी मोठी बोट इतक्या झटपट कशी कलंडली? सामान्य जहाजाच्या पोटात आडव्या भिंती असतात. एका कप्प्यात पाणी शिरले तरी ते तेथेच अडते. रो-रो बोटीत गाड्यांना एका टोकाने शिरून दुसऱ्या टोकाने बाहेर पडता यावे म्हणून हा डेक सलग मोकळा ठेवलेला असतो. परातीत थोडे पाणी घेऊन चालले आणि परात जराशी तिरकी झाली, की सारे पाणी एकाच काठाकडे धावते. तसेच येथे घडते. पाणी ज्या बाजूला जाते ती बाजू आणखी झुकते आणि झुकल्यामुळे आणखी पाणी तिकडे येते.

दारे बंद करण्याचे काम ज्याच्याकडे होते तो खलाशी आपल्या खोलीत झोपला होता. दारे बंद झाल्याची खात्री करायची ती अधिकाऱ्याने. पण बोट सुटण्याच्या वेळी त्यालाच वर कप्तानाजवळ हजर राहावे लागे. कप्तानाला आपल्या जागेवरून दारे दिसत नव्हती. 'तक्रार आली नाही, म्हणजे सर्व ठीक आहे' असे समजण्याचा नियमच होता. दारे उघडी आहेत की बंद, हे दाखवणारे दिवे बसवावेत, अशी मागणी कंपनीच्या काही कप्तानांनी पूर्वीच केली होती. ती मनावर घेतली गेली नाही. न्यायमूर्ती शीन यांच्या चौकशीने म्हणूनच केवळ बोटीवरील माणसांना नव्हे, तर कंपनीच्या वरिष्ठांनाही बेपर्वाईबद्दल दोषी धरले. मनुष्यवधाचा खटला मात्र १९९० मध्ये कोसळला. कंपन्यांना अशा मृत्यूंसाठी जबाबदार धरणे सोपे करणारा कायदा ब्रिटनमध्ये २००७ साली झाला.

दुर्घटनेनंतर दारांची स्थिती दाखवणारे दिवे आणि कॅमेरे आवश्यक ठरले. तरीही १९९४ मध्ये बाल्टिक समुद्रात 'एस्टोनिया' या रो-रो बोटीचा पुढचा दरवाजा लाटांनी निखळला आणि ८५२ जण मृत्युमुखी पडले. १९९८ पासून प्रवासी जहाजांच्या कंपन्यांना सुरक्षेची लेखी, तपासता येणारी व्यवस्था ठेवणे आंतरराष्ट्रीय नियमांनी बंधनकारक झाले.

माणूस कधी तरी विसरणार, थकणार, झोपणार. एकाच्या विस्मरणावर शेकडो प्राण टांगलेले राहू नयेत, एवढी काळजी व्यवस्थेने घ्यायची असते. झेब्रुगला एका दिव्याने ती घेता आली असती.