आपला हात आणि कारागिराचा हात

'आपला हात जगन्नाथ' अशी एक म्हण आपल्याकडे रूढ आहे. आपले काम आपण करावे, दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहत बसू नये, असा बोध तिच्यातून घेता येतो. 'जेनु काम तेनु थाय, बिजा करे सो गोता खाय' ही गुजराती वळणाची म्हणही मराठी माणसाच्या तोंडी नेहमी असते. ज्याचे काम त्यानेच करावे, भलत्याने केल्यास तो फसतो, असे ती बजावते. दोन्ही म्हणी ऐकताना खऱ्या वाटतात; मग कोणती केव्हा मानावी? मोटारीची दुरुस्ती स्वतः करावी की मेकॅनिककडून करून घ्यावी, या साध्या प्रश्नाचा विचार केला, म्हणजे याचे उत्तर सापडते.

मोटारीच्या अगदी बाल्यावस्थेतील एक हकीकत येथे उपयोगी पडेल. जर्मनीतील कार्ल बेंझ यांनी १८८६ साली आपल्या तीनचाकी मोटारीचे पेटंट घेतले. परंतु या घोड्यावाचून चालणाऱ्या गाडीवर लोकांचा भरवसा बसेना. तेव्हा १८८८ च्या ऑगस्ट महिन्यात त्यांच्या पत्नी बर्थाबाई यांनी एक धाडस केले. पतीला न कळवता, पंधरा वर्षांचा ऑयगेन व तेरा वर्षांचा रिचर्ड या दोघा मुलांना बरोबर घेऊन त्या मोटारीने मानहाइमहून फोर्ट्सहाइम या आपल्या माहेरच्या गावी निघाल्या. अंतर सुमारे १०० किलोमीटर. वाटेत ना पेट्रोलचा पंप, ना दुरुस्तीचे गॅरेज! इंधन लागले ते औषधाच्या दुकानातून घ्यावे लागले.

वाटेत गाडी वारंवार अडली. इंधनाच्या नळीत कचरा बसला, तेव्हा बर्थाबाईंनी आपल्या टोपीची लांब पिन घालून ती मोकळी केली. एका तारेचे आवरण झिजले, तेव्हा मोजे बांधायचा पट्टा तिच्यावर गुंडाळला. चढावर गाडी दमली, की मुले खाली उतरून तिला ढकलीत. परंतु साखळीत बिघाड झाला, तेव्हा ती त्यांनी लोहाराकडून दुरुस्त करून घेतली. आणि ब्रेकचे लाकडी ठोकळे झिजले, तेव्हा चामड्याचे काम करणाऱ्या कारागिराकडून त्यांवर चामडे ठोकून घेतले. पतीच्या उद्योगाशी त्यांचा निकट संबंध असल्यामुळे गाडीची रचना त्यांना ठाऊक होती. म्हणूनच कोणते काम आपल्या हातचे आणि कोणते कारागिराचे, हे त्यांना जागच्या जागी ठरवता आले.

आज मोटारीचे स्वरूप पार पालटले आहे, तरी हा विवेक तसाच उपयोगी आहे. काही कामे मोटार बाळगणाऱ्या प्रत्येकाला आलीच पाहिजेत. टायर गार असताना त्यांतील हवा तपासावी. ती किती असावी, याचा आकडा बहुधा चालकाच्या दाराजवळ चिकटवलेला असतो. इंजिनातील तेल पाहण्यासाठी गाडी सपाट जागी उभी करून इंजिन बंद करावे, थोडा वेळ थांबून तेलाची पट्टी बाहेर काढावी, पुसून पुन्हा आत घालावी व परत काढून पाहावी. पट्टीवरील दोन खुणांच्या दरम्यान तेल असले, म्हणजे ते पुरेसे आहे असे समजावे. या कामांना थोडा वेळ पुरतो. मात्र त्यांची हेळसांड झाली, तर पुढे मोठा खर्च अंगावर येतो.

पंक्चर झालेले चाक बदलणे हेही असेच एक काम. जास्तीच्या चाकाला आपण 'स्टेपनी' म्हणतो. पूर्वी मोटारींबरोबर जादा चाक मिळत नसे. वेल्समधील लानेली या गावी डेव्हिस बंधूंनी १९०४ साली असे तयार चाक विक्रीस आणले. तेथील स्टेपनी स्ट्रीट या रस्त्याचे नाव त्या चाकाला मिळाले आणि पुढे ते आपल्या भाषेतही रुळले. स्टेपनी बसवताना गाडी सपाट व कठीण जमिनीवर उभी करून हँडब्रेक ओढावा. चाक जमिनीवर टेकलेले असतानाच नट थोडे सैल करावेत आणि मगच जॅकने गाडी उचलावी. नुसत्या जॅकवर तोललेल्या गाडीखाली मात्र कोणीही कधीही शिरू नये. जॅक निसटला, तर सावरायला क्षणाचाही अवधी मिळत नाही.

साधे दिसणारे कामही का व कसे हे कळल्यावाचून करू नये. इंजिन तापलेले असताना रेडिएटरचे झाकण उघडण्याचा मोह अनेकांना होतो. आतील पाणी दाबाखाली असल्यामुळे शंभर अंशांहून अधिक तापूनही उकळत नाही. झाकण उघडताच दाब एकाएकी उतरतो आणि उकळते पाणी व वाफ उसळून अंगावर येते. शिटी होत असलेल्या कुकरचे झाकण आपण काढत नाही, त्याचे कारणही हेच आहे.

आता ब्रेकचे पाहा. ब्रेकच्या पायपट्टीवर दिलेला दाब नळ्यांतील विशिष्ट तेलामार्फत चाकांपर्यंत पोहोचतो. तेल दाबले तरी फारसे आकसत नाही; हवा मात्र सहज आकसते. अनभ्यस्त हातांनी दुरुस्ती करताना नळीत हवा शिरली, तर पायपट्टी नुसतीच खाली जाते आणि गाडी थांबत नाही. ही चूक घरी नव्हे, भर रस्त्यावर उघडकीस येते. आणि तिचे प्रायश्चित्त कदाचित पायी जाणाऱ्या एखाद्या निरपराध माणसाला भोगावे लागते. विजेवर चालणाऱ्या मोटारींच्या बॅटरीत तर बहुधा शेकडो व्होल्टचा दाब असतो. अशी कामे शिकलेल्या मेकॅनिकचीच. आपल्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा असतो. त्यानंतरही जाणत्या मिस्त्रीच्या हाताखाली उमेदवारी करावी लागते, तेव्हा कोठे हात बसतो. आपण त्याला मजुरी देतो, ती केवळ त्या तासाभराच्या श्रमाची नसून इतक्या वर्षांच्या विद्येची असते.

मग ती कामे मेकॅनिककडे सोपवली, की आपली जबाबदारी संपली काय? मुळीच नाही. वैद्याला आपण दुखणे नीट सांगतो, तसा गाडीचा बिघाडही मेकॅनिकला नीट सांगता आला पाहिजे. आवाज केव्हा येतो, गाडी वळताना की थांबताना? धूर काळा की पांढरा? अशी माहिती दिली, की त्याचा वेळ व आपला पैसा वाचतो. कोणता भाग बदलला, हे विचारून जुना भाग पाहून घेण्यातही गैर काही नाही. जो पाहतो आणि विचारतो, त्याची फसवणूक सहसा होत नाही.

मुलांनो, तुम्ही मोटार हाकण्यास अजून अवकाश आहे. पण तुमची सायकल तर आजच तुमच्या हाती आहे. तिच्या साखळीला तेल द्या, चाकांत हवा भरा, पंक्चर काढण्यास शिका. परंतु ब्रेक लागेनासा झाला, तर ती तशीच न दामटता दुकानात न्या. काम हाती घेण्यापूर्वी स्वतःला दोन प्रश्न विचारा : 'याचे कारण मला कळले आहे काय? आणि माझी चूक झाली, तर तिचे फळ कोण भोगणार?' या प्रश्नांना प्रामाणिक उत्तरे द्या, म्हणजे आपला हात कोठे चालवावा आणि कारागिराला केव्हा बोलवावे, हे तुम्हांला आपोआप उमजेल.