विश्लेषण : वेगाचे बक्षीस हाताशी असताना ‘ते’ ताहितीला का गेले? साध्या, भटक्या आयुष्याचा खरा हिशेब

नोकरी सोडून व्हॅनमध्ये राहणारे जोडपे, फ्लॅट विकून जगभ्रमंतीला निघालेले कुटुंब... असे रील्स दर दोन दिवसांनी तुमच्याही फीडमध्ये येत असतील. पाहायला छान वाटतात. पण पैसे कुठून येतात, घरच्यांचे काय होते, ज्या वाहनात राहतो तेच मोडले तर काय, हे तीस सेकंदांत मावत नाही. या प्रश्नांची उत्तरे शोधायची तर फ्रेंच दर्यावर्दी बर्नार मोआतेसिए यांचे आयुष्य पाहावे लागते. शिडाच्या होडीत राहून जग फिरणारे आजही त्यांना गुरुस्थानी मानतात.

शर्यत कोणती होती?

ब्रिटनच्या ‘संडे टाइम्स’ने १९६८ मध्ये ‘गोल्डन ग्लोब’ शर्यत जाहीर केली. एकट्याने, कुठेही न थांबता, शिडाच्या होडीतून पृथ्वीप्रदक्षिणा करायची. तोवर हे कुणालाच जमले नव्हते. बक्षिसे दोन होती. आधी परतणाऱ्याला करंडक आणि सर्वांत कमी दिवस घेणाऱ्याला ५००० पौंड. उतरले नऊ जण, पूर्ण केली एकाने. ते म्हणजे रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन. त्यांची ‘सुहैली’ ही ३२ फुटी सागवानी होडी आपल्या मुंबईत बांधलेली, हे मराठी वाचकाने लक्षात ठेवण्यासारखे.

मोआतेसिए २२ ऑगस्ट १९६८ रोजी प्लिमथहून निघाले. तेव्हा ते ४३ वर्षांचे होते. ‘जोशुआ’ ही त्यांची सुमारे ३९ फुटांची, पोलादी, दोन डोलकाठ्यांची होडी. ५ फेब्रुवारी १९६९ रोजी त्यांनी दक्षिण अमेरिकेच्या टोकाचे केप हॉर्न ओलांडले. आता उत्तरेकडे वळून अटलांटिकमधून वर जायचे, की घर. ते नॉक्स-जॉन्स्टन यांच्यापेक्षा उशिरा निघाले होते आणि वेगाने येत होते. त्यामुळे ५००० पौंड त्यांनाच मिळण्याची दाट शक्यता होती.

ते वळलेच नाहीत. पूर्वेकडे जात राहिले. मार्चमध्ये केप टाउनजवळ त्यांनी एका टँकरच्या डेकवर बेचकीने निरोप फेकला. मी न थांबता पॅसिफिक बेटांकडे निघालो आहे, समुद्रावर सुखात आहे, असा त्याचा आशय होता. बेचकी अशासाठी, की आयोजकांनी देऊ केलेला रेडिओ ट्रान्समीटर त्यांनी घेतलाच नव्हता. पुन्हा हिंद महासागर ओलांडून २१ जून १९६९ रोजी ते ताहितीला पोहोचले. एकूण सुमारे दहा महिने आणि ३७ हजारांहून अधिक सागरी मैल. म्हणजे जवळपास दीड पृथ्वीप्रदक्षिणा, तीही एकट्याने.

हे अचानक घडले का?

वेड लागले असावे, असे तेव्हा अनेकांना वाटले. पण मागचा इतिहास पाहिला तर तसे वाटत नाही.

मोआतेसिए यांचा जन्म १९२५ चा, हनोईचा. फ्रेंच इंडोचायनात वाढलेला हा मुलगा तिथल्या कोळ्यांकडून होडी शिकला. १९५२ मध्ये ते ‘मारी-तेरेझ’ नावाच्या होडीतून हिंद महासागर ओलांडत होते. जवळ अचूक घड्याळ नव्हते. जीपीएसच्या पिढीला (त्यात मीही आलो) यातला धोका चटकन कळत नाही. दुपारच्या सूर्याची उंची मोजून अक्षांश काढता येतो, रेखांशासाठी मात्र नेमकी वेळ लागते. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते. म्हणजे वेळ चार मिनिटांनी चुकली की रेखांश एक अंशाने चुकतो, आणि विषुववृत्ताजवळ एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. आपण नेमके कुठे आहोत याचा अंदाज चुकला आणि होडी दिएगो गार्सियाच्या खडकांवर फुटली.

मग मॉरिशसमध्ये काही वर्षे मिळेल ते काम. तिथेच दुसरी होडी स्वतःच्या हाताने बांधली. तीही १९५८ मध्ये कॅरिबियनमध्ये फुटली. हातात काहीच उरले नाही तेव्हा त्यांनी पुस्तक लिहिले. ते वाचून भारावलेल्या एका फ्रेंच कारखानदाराने केवळ सामानाच्या खर्चात पोलादी होडी बांधून देण्याची तयारी दाखवली. तीच ‘जोशुआ’. एकट्याने पहिली पृथ्वीप्रदक्षिणा करणाऱ्या जोशुआ स्लोकम यांचे नाव तिला दिले. डोलकाठ्या चक्क टेलिफोनच्या खांबांच्या होत्या.

साधेपणाची सुरुवात इथे होते. मोआतेसिए यांच्या लेखी साधेपणा ही आधी तांत्रिक गोष्ट होती. जे समुद्रात स्वतःला दुरुस्त करता येत नाही, ते बरोबर घ्यायचे नाही. शर्यतीआधी त्यांनी इंजिनसुद्धा काढून टाकले. वाटेतही नको ते सामान समुद्रात फेकून होडी हलकी केली. पिण्याचे पाणी शिडावरून ओघळणाऱ्या पावसाचे. मनाला मरगळ आली तेव्हा होडीवरच योगासने सुरू केली. इंजिनीअर म्हणून मला हे वैराग्यापेक्षा उत्तम डिझाइन वाटते. भाग कमी, म्हणून बिघाड कमी. ‘मिनिमलिझम’च्या नावाने महागडी गॅजेट्स विकणाऱ्यांनी ही होडी एकदा पाहावी.

किंमत कोणी मोजली?

या गोष्टीत बहुतेक वेळा एक नाव गाळले जाते. फ्रान्स्वाज, त्यांची पत्नी. ती नुसती किनाऱ्यावर वाट पाहणारी बाई नव्हती. १९६५-६६ मध्ये ताहिती ते स्पेनमधले आलिकांते हा केप हॉर्नमार्गे १४ हजारांहून अधिक मैलांचा प्रवास दोघांनी मिळून, कुठेही न थांबता १२६ दिवसांत केला होता. ‘जोशुआ’ पूर्वेकडे गेली तेव्हा फ्रान्स्वाज आणि तिची तीन मुले फ्रान्समध्ये होती. नवरा परत येणार नाही, हे तिला जगाबरोबरच कळले. पुढे तिने स्वतःच्या सागरी प्रवासांवर वेगळे पुस्तक लिहिले.

मोआतेसिए यांच्या निर्णयाचे कौतुक करताना हा भाग मला सोडता येत नाही. समुद्रावर मिळालेली शांतता खरी असेल, पण तिचे बिल दुसऱ्या कुणाच्या तरी पत्त्यावर गेले. आजच्या रील्समध्येही मागे राहिलेले आई-वडील क्वचितच दिसतात.

मग पुढे जगले कसे?

‘ला लाँग रूट’ हे त्यांचे पुस्तक १९७१ मध्ये आले आणि गाजले. पोट मुख्यतः लेखनावर चालले. त्याआधी नवशिक्यांना होडी चालवायला शिकवण्याचे कामही त्यांनी केले होते. म्हणजे ‘पैशाशिवाय जगणे’ वगैरे काही नव्हते. गरजा कमी होत्या, म्हणून थोडे पैसे पुरत होते, इतकेच.

ताहितीत इलेआना या जोडीदारीण झाल्या, मुलगा झाला. पापीते बंदराच्या काठावरची झाडे हटवून रस्ता करण्याला मोआतेसिए यांनी विरोध केला. सत्तरच्या दशकात हे कुटुंब तुआमोतू द्वीपसमूहातल्या आहे या प्रवाळबेटावर राहायला गेले. ‘आहे’ हे बेटाचे नाव आहे, छपाईची चूक नाही! प्रवाळबेटावर शेतीलायक माती जवळपास नसते. असतो तो पोवळ्यांचा चुरा. पालापाचोळा कुजवून आधी माती तयार करायची, मग भाजी. आपल्याकडे गच्चीवर बाग करणाऱ्यांना यातले कष्ट कळतील. बेटावरचे जगणे सोपे नव्हते आणि ते कायमचेही ठरले नाही. पुढे ते अमेरिकेत कॅलिफोर्नियाला गेले.

१९८२ च्या डिसेंबरमध्ये मेक्सिकोच्या काबो सान लुकास इथे वादळाने नांगरलेल्या अनेक होड्या किनाऱ्यावर फेकल्या. त्यात ‘जोशुआ’ होती. घर, वाहन आणि उत्पन्नाचे साधन एका रात्रीत गेले. दुरुस्त करण्याइतके बळ त्यांच्यात नव्हते. त्यांनी ती नाममात्र रकमेला दोन तरुणांना देऊन टाकली. मित्रांनी पुढे येऊन ‘तामाता’ ही छोटी पोलादी होडी उभी करून दिली. सगळे सोडून निघालेल्या माणसाला अखेर उपयोगी पडली ती बंदराबंदरांत जोडलेली माणसे.

आज असे जगता येते का?

येते, पण कागद वाढले आहेत. भारतीय पासपोर्टवर तर जास्तच. युरोपच्या शेंगेन देशांत अल्पकालीन व्हिसावर १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येते. नांगर टाकून वाऱ्याची वाट पाहणाऱ्याला ही मुदत लागू पडतेच.

जुन्या पद्धतीची ‘गोल्डन ग्लोब’ शर्यत मात्र २०१८ मध्ये पुन्हा सुरू झाली. तीत भारतीय नौदलाचे अभिलाष टॉमी गोव्यात बांधलेल्या ‘सुहैली’च्या प्रतिकृतीतून, ‘तुरीया’तून उतरले. दक्षिण हिंद महासागरात डोलकाठी मोडली, पाठीला गंभीर दुखापत झाली आणि फ्रेंच जहाजाने त्यांना वाचवले. पुढच्या शर्यतीत ते पुन्हा उतरले आणि २०२३ मध्ये दुसरे आले.

मोआतेसिए यांनी आठवणींचे शेवटचे पुस्तक १९९३ मध्ये प्रसिद्ध केले आणि जून १९९४ मध्ये कर्करोगाने त्यांचे निधन झाले. ब्रिटनीतल्या बोनो गावात त्यांची कबर आहे. मेक्सिकोच्या वाळूत रुतलेली ‘जोशुआ’ दुरुस्त झाली, फ्रान्सच्या ला रोशेल सागरी संग्रहालयाने ती १९९० मध्ये विकत घेतली. तेव्हापासून तिचा मुक्काम ला रोशेल बंदरात आहे.