पदवीधरांचा जमाखर्च

मुलगा पदवीधर झाला कीं पहिली पृच्छा पगाराची, दुसरी स्थळांची! दर्यापुरास बसून आम्ही निराळा हिशेब मांडतों.

पापळच्या शेतकरी कुणबी कुटुंबांत 1898 सालीं जन्मलेले पंजाबराव देशमुख विलायतेस गेले ते केवळ बॅरिस्टर होऊन परतले नाहींत. वैदिक वाङ्मयांतील धर्माचा उगम व विकास या विषयावर त्यांनीं प्रबंध लिहिला. तो 1933 सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध झाला. वेद म्हणजे आपल्याच देवघरांतील ठेव असें मानणाऱ्या घरांपैकीं कितीकांनीं तो उघडून पाहिला असेल, वाचकहो?

1952 पासून 1962 पर्यंत त्यांनीं केंद्र सरकारांत कृषिखातें सांभाळलें, हें सर्वश्रुतच आहे. आम्हांस त्याहून मोठें वाटतें तें 1932 सालचें काम. त्या सालीं त्यांनीं अमरावतीस श्रीशिवाजी शिक्षण संस्था स्थापिली. येथील जे. डी. पाटील सांगळूदकर महाविद्यालय तिचेंच. तें नव्हतें तेव्हां पदवीसाठीं गांव सोडावें लागे. मुलींचें शिक्षण तर बहुधा तेथेंच खुंटे. आतां आसपासच्या खेड्यांतील शेतकऱ्यांच्या कन्या सकाळीं एस.टी.नें येतात आणि दिवेलागणीपूर्वीं घरीं पोंचतात.