दगडी दालनातील शब्द

सांताक्रूझहून लोकलने चर्चगेटला उतरून मुंबई उच्च न्यायालयात आलेल्या पक्षकारास आपल्याच मुकदम्यातील युक्तिवाद मागील बाकावरून उमगला नाही, तर दोष त्याच्या कानांचा नव्हे. कर्नल फुलर यांच्या आराखड्यानुसार १८७८ साली पूर्ण झालेल्या या गॉथिक वास्तूच्या दगडी भिंती ध्वनी फारसा शोषीत नाहीत. आणि हार्वर्डचे वॉलेस सॅबाइन यांनी दाखवून दिल्याप्रमाणे, दालनाचे घनफळ जितके मोठे व शोषक पृष्ठभाग जितका अल्प, तितका निनाद अधिक काळ रेंगाळून एका अक्षरावर दुसरे चढते.

अशा ठिकाणी नुसता आवाज वाढविणे व्यर्थ होय, कारण शब्दासवे निनादही वाढतो. मायक्रोफोन मुखाच्या निकटच हवा. अंतर दुप्पट झाले की थेट ध्वनी सुमारे ६ डेसिबलने घटतो, निनाद मात्र जवळपास तितकाच राहतो. उभट, स्तंभाकार ध्वनिक्षेपक छत टाळून श्रोत्यांकडे ध्वनी वळवितात.

महाराष्ट्र शासनाच्याच अपिलात २००३ साली सर्वोच्च न्यायालयाने व्हिडिओद्वारे दिलेली साक्ष ग्राह्य ठरविली. तेव्हापासून दूरस्थ साक्षीदाराचा स्वर मायक्रोफोनात परतून त्यालाच ऐकू येऊ नये, यासाठी प्रतिध्वनी वजा करणारी यंत्रणाही अगत्याची झाली आहे. २०१८ पासून जागतिक वारसा ठरलेल्या या वास्तूत तारा नेताना कोरीव दगडास मात्र धक्का लागता कामा नये.